नांगराची निशाणी आणि सोसायटीची वही

'सोसायटी' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? शहरातली मुलं लगेच म्हणतील, "आमची बिल्डिंग!" वॉचमनकाका, पाण्याची टाकी आणि 'येथे क्रिकेट खेळू नये' अशी पाटी. खेड्यातल्या मुलांना मात्र वेगळंच काही आठवेल. ग्रामपंचायतीच्या शेजारची एक खोली, दारात खताच्या गोण्या, आत एक लोखंडी कपाट, एक टेबल, आणि दारावर लांबलचक नावाची पाटी: 'अमुक गाव विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था मर्यादित'. हे नाव एका दमात म्हणून पाहा बरं! म्हणूनच गावानं ते सोपं करून टाकलं. सोसायटी!

गंमत अशी की बिल्डिंगवाली सोसायटी आणि खतवाली सोसायटी या एकमेकींच्या चुलतबहिणी आहेत. दोघी एकाच कायद्याखाली चालतात, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली. पण आज मी तुम्हाला सांगणार आहे ती गोष्ट खेड्यातल्या त्या खोलीची. दिसायला ती अगदी साधी आहे. बरीचशी मुलं तिच्यासमोरून रोज शाळेत जातात आणि कधी आत डोकावतही नाहीत. पण ती खोली गावात यावी म्हणून आधी एका गावाच्या बाजारात कागदांची होळी पेटली होती, हे ठाऊक आहे का तुम्हाला?

त्यासाठी आपल्याला दीडशे वर्षं मागं जायला हवं.

तेव्हाचं दख्खनचं खेडं डोळ्यांसमोर आणा. पाटील गावचा कारभार पाही, कुलकर्णी दप्तर सांभाळी. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग असे बलुतेदार वर्षभर गावाची कामं करत आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचं धान्य घेत. (त्या वाट्यात न्याय किती आणि अन्याय किती, हा मोठा विषय आहे. काहींच्या वाट्याला धान्य कमी आणि अपमान जास्त येत असे, एवढं इथे लक्षात ठेवा.) सांगायचा मुद्दा हा, की गावातले बरेचसे व्यवहार पैशांविना चालत. पैसा लागे तो मुख्यतः एका कामाला. सरकारचा सारा भरायला. तो मात्र रोख भरावा लागे, आणि तोही ठरलेल्या तारखेला. पाऊस आला काय, न आला काय!

मग रोख रक्कम आणायची कुठून? सावकाराकडून.

आता 'सावकार म्हणजे दुष्ट माणूस' असं सिनेमातल्यासारखं समजू नका. गावाला अडीअडचणीला पैसे देणारा तोच एक होता. बियाणं त्याच्याकडून, लग्नाचा खर्च त्याच्याकडून, दुष्काळात दाणेही त्याच्याकडूनच. जुन्या काळात सावकारालाही गावाला धरून राहावं लागे, कारण गाव बिथरलं तर त्याची वसुली होणार कशी? पण इंग्रजी राज्यात कोर्टं आली, आणि कोर्टात माणसापेक्षा कागद मोठा ठरला. कागदावर जे लिहिलंय ते खरं. आणि कागद वाचता कोणाला येत होता?

कर्जरोखा लिहून झाला की शेतकऱ्याला विचारलं जाई, "बोल, निशाणी काय?" तुम्हाला वाटेल, अंगठा उठवत असतील. पण अंगठ्याचा ठसा घेण्याची पद्धत आपल्याकडे त्यानंतर काही वर्षांनी रूढ झाली. त्याआधी जुन्या कागदांवर शेतकऱ्याच्या नावापुढे एक छोटंसं चित्र काढलेलं असे. नांगराचं! बलुतेदार असेल तर त्याच्या अवजाराचं. ती त्याची सही. एवढुसा नांगर, पण त्या नांगराखाली अख्खं शेत जाऊ शकत असे.

कसं, ते आपण गणित करूनच पाहू. पेन्सिल घ्या.

समजा, एका शेतकऱ्यानं १०० रुपये घेतले. व्याज दरमहा शेकडा २ रुपये. म्हणजे वर्षाचे किती? २४ रुपये. तीन वर्षांचे ७२. आता इथे एक कायदा मध्ये येतो. १८५९ साली सरकारनं मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीनच वर्षं चालेल, मग तो बाद! हेतू चांगला होता. व्याज वर्षानुवर्षं साठत जाऊ नये, असं सरकारला वाटत होतं. पण झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणे, "चल, नवा कागद करू." आणि नव्या कागदावर मुद्दल लिहिलं जाई १०० नव्हे, तर १७२. आता व्याज १७२ वर. आणखी तीन वर्षांनी तिसरा कागद होई, तो जवळजवळ २९६ रुपयांचा. नवव्या वर्षाच्या शेवटी? करा गुणाकार. ५०८ रुपयांच्या वर! मध्ये काही फेडता आलं नाही असं आपण धरलं आहे. पण लागोपाठ दोन वर्षं पाऊस हुकला तर फेडणार कशानं? घेतले शंभर, झाले पाचशे. शेतकऱ्यानं केलं काय, तर तीन वेळा नांगराचं चित्र काढलं.

त्यात आणखी एक भर पडली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हातानं कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि कर्जं मात्र जागच्या जागी राहिली. त्यातच सरकारनं जमिनीचा साराही वाढवला. कुठे अमेरिका आणि कुठे भीमाकाठचं खेडं! पण धागा असा जुळला.

पहिली ठिणगी पडली पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी, १८७४ च्या अखेरीस. तिथे कर्जापोटी एकाच्या घरावर टाच आली आणि गाव चिडलं. पण गावानं हात उचलला नाही. गावानं बहिष्कार घातला. सावकाराच्या दुकानातून कोणी काही घेईना, त्याचं शेत कोणी कसेना, न्हावी त्याची हजामत करीना, परीट कपडे धुईना. पाहा हं, ज्या बलुतेदारीवर गाव चालत होतं, तीच गावानं थांबवून दाखवली! आसपासच्या गावांतही हे लोण पसरलं.

पुढे १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला, ऐन आठवडी बाजाराच्या दिवशी, भडका उडाला. हे सुपे आता बारामती तालुक्यात आहे. जमाव सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेला. दुकानं लुटली गेली, काही ठिकाणी आगीही लागल्या. पण लोकांची मुख्य मागणी एकच होती: कागद द्या! वह्या द्या, रोखे द्या. मिळाले ते कागद चव्हाट्यावर आणून जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत असं घडलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. जाळपोळ, लूट यांचं कौतुक मी करणार नाही. त्यात ज्यांची घरं गेली त्यांनाही मुलंबाळं होती. पण एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. सावकारांच्या जिवावर उठण्यापेक्षा लोक त्यांच्या कागदांवर उठले होते. आपल्याला वाचता न येणाऱ्या ज्या अक्षरांनी आपलं शेत नेलं, ती अक्षरंच नाहीशी करायची!

लष्कर आलं, धरपकड झाली, शिक्षा झाल्या. सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला. त्यात एक तरतूद फार शहाणपणाची होती. शेतकऱ्याचा कर्जरोखा यापुढे सावकाराच्या ओसरीवर लिहायचा नाही, तर सरकारनं नेमलेल्या गावनिबंधकासमोर लिहायचा. शिवाय कोर्टाला कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. पण दर वर्षीची पैशांची नड थोडीच संपली? काही सावकारांनी तर कर्जरोख्याऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली. कायद्यानं एक दार लावलं की दुसरं उघडतं, ते असं. याच सुमारास, १८८३ साली, महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. शेतकऱ्याच्या दैन्याचं मूळ त्याच्या अज्ञानात आहे, हे ते तळमळून सांगत होते.

म्हणजे प्रश्न दुहेरी होता. पैसे कोण देणार? आणि वही कोण लिहिणार?

उत्तर आलं लांबून, जर्मनीतून. तिथल्या ऱ्हाईन नदीकाठच्या खेड्यांत फ्रीडरिश रायफायझन नावाचे एक नगराध्यक्ष होते. त्यांच्या शेतकऱ्यांचंही रडगाणं तेच. त्यांनी १८६० च्या दशकात एक युक्ती काढली. एकट्या गरिबाला कोणी कर्ज देत नाही. पण गावातले दहा-वीस-पन्नास गरीब एकत्र आले आणि म्हणाले, "यातल्या कोणी पैसे बुडवले तर आम्ही सगळे मिळून भरू," तर? तर पैसे मिळतात, आणि स्वस्तात मिळतात! कारण आता कर्जदारावर सावकाराला पहारा ठेवावा लागत नाही, शेजारीच ठेवतात. बैलासाठी पैसे घेतले आणि गोठ्यात बैल नाही, हे शेजाऱ्याला त्याच दिवशी कळतं.

हीच कल्पना धरून हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. एका गावातली कोणतीही दहा सज्ञान माणसं मिळून पतपेढी काढू शकत होती. मुंबई इलाख्यात अगदी सुरुवातीला निघालेली पतपेढी कणगिनहाळची, १९०५ सालची. हे गाव तेव्हा धारवाड जिल्ह्यात होतं. आता ते कर्नाटकातल्या गदग जिल्ह्यात आहे.

पाटीवरचा तो शेवटचा शब्द आठवतो? 'मर्यादित'. मुलं मला विचारतात, "बाई, मर्यादित म्हणजे काय? थोडेच लोक?" नाही. सुरुवातीच्या खेड्यातल्या पतपेढ्यांची जबाबदारी 'अमर्यादित' असे. संस्था बुडाली तर सभासदाच्या घरादारापर्यंत वसुली येऊ शकत असे. आज सभासदाची जबाबदारी साधारण त्याच्या भागाच्या रकमेपुरती असते, म्हणून 'मर्यादित'. विचार करा, त्या काळी शेजाऱ्याच्या कर्जासाठी आपलं घर टांगणीला लावायचं! आपल्या वर्गात बाकावरचा मित्र खोडरबर परत करील की नाही याची खात्री नसते आपल्याला.

आणि वही? पुष्कळ गावांत पतपेढीचा चिटणीस कोण असे, सांगू? शाळामास्तर! गावात जमाखर्च लिहिता येणारा आणि सगळ्यांना उघड वाचून दाखवणारा माणूस दुसरा कुठे शोधायचा? दिवसा पाढे आणि संध्याकाळी पतपेढीची खतावणी. आमच्या पेशातल्या त्या जुन्या मंडळींचा मला अभिमान वाटतो, हे कबूल करते. आता आम्हाला जनगणना आणि मतदारयाद्या असतात, तो भाग वेगळा.

आता जाऊ या प्रवराकाठी. सुप्यासारखीच कर्जाची कहाणी तिथल्या खेड्यांचीही होती, पण तिथे पुढचं पान लिहिलं गेलं. गावाचं नाव लोणी बुद्रुक. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा, तालुका राहाता. तिथल्या विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली गावात सहकारी पतपेढी काढली. विखे पाटलांचं शिक्षण किती? चौथीपर्यंत. पण हिशेब डोक्यात पक्का होता. गावचे पैसे गावात राहिले पाहिजेत.

तीनच वर्षांनी, १९२६ मध्ये, भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं. प्रवरेच्या कालव्यांनी पाणी खेळू लागलं आणि जिथे बाजरी होती तिथे ऊस डोलू लागला. झालं, सुखी झाले सगळे, असं वाटतं ना? पण ऊस हे खर्चिक पीक. बेणं, खत, मजुरी, पाणीपट्टी, सगळा पैसा आधी घाला आणि वर्ष-दीड वर्षानं हातात काय पडेल ते बघा. शेतकरी गुऱ्हाळ लावून गूळ करत. गुळाचा भाव ठरवायचा बाजारातल्या व्यापाऱ्यांनी. १९३२ साली सरकारनं परदेशी साखरेवर जादा कर बसवून देशी साखरेला संरक्षण दिलं, तसे खासगी कारखाने भराभर वाढले. कारखाने मोठे झाले. शेतकरी मात्र होता तिथेच राहिला. म्हणजे पुन्हा तेच. ऊस आपला, पाणी आपलं, घाम आपला, आणि हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात!

१९४५ साली बेलापूरला, म्हणजे श्रीरामपूरजवळ, दख्खनच्या कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. हे कोण? केंब्रिजला शिकलेले अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. तिथे विचार पुढे आला, की शेतकऱ्यांनी आपलाच साखर कारखाना का काढू नये? पतपेढीत दहा-वीस रुपयांची कर्जं देणं निराळं आणि लाखो रुपयांची यंत्रं आणणं निराळं. लोक हसले असतील, तर त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण चौथी शिकलेले विखे पाटील आणि केंब्रिजचे गाडगीळ यांची जोडी जमली. विखे पाटील आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले आणि भाग गोळा केले. त्या वेळी मुंबई राज्याचे अर्थ आणि सहकार खात्याचे मंत्री होते वैकुंठभाई मेहता. त्यांचं उभं आयुष्य सहकारी बँकेत गेलं होतं. त्यांनी पाठबळ दिलं. १९४८ साली संस्थेची नोंदणी झाली आणि १९५०-५१ साली पहिला गळीत हंगाम झाला. गाडगीळ पहिली सुमारे दहा वर्षं अध्यक्ष होते, विखे पाटील उपाध्यक्ष. गावाला नाव पडलं प्रवरानगर. १९६१ साली पंडित नेहरू तिथे येऊन गेले, आणि त्याच वर्षी विखे पाटलांना पद्मश्री मिळाली.

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत 'आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना' असा प्रश्न असतो आणि उत्तर 'प्रवरानगर'. परीक्षेत तेच लिहा, मार्क मिळतील! पण आंध्रात एटिकोप्पाक इथे १९३३ सालीच शेतकऱ्यांनी सहकारी साखर संस्था काढली होती, हेही मनात असू द्या. प्रवरानगरचं मोठेपण पहिल्या नंबरात नाही. त्याकडे पाहून महाराष्ट्रभर कारखाने उभे राहिले, यात ते आहे.

या कारखान्याचा एक नियम मला सगळ्यात आवडतो. एखाद्या कंपनीत ज्याचे शेअर जास्त, त्याची मतं जास्त. सहकारी संस्थेत मात्र एक सभासद, एक मत. शंभर एकरवाला असो की एक एकरवाला, हात एकदाच वर करायचा. कारखान्याच्या जोडीनं बाकीच्या संस्थाही आल्या. १९६४ साली शाळा निघाली, पुढे दवाखाना, कॉलेजं.

तर असं सगळं गोड गोड झालं का? साखरेची गोष्ट आहे, पण नाही! पुढे पुष्कळ ठिकाणी 'एक सभासद, एक मत' हे कागदावरच राहिलं. निवडणुकांत पैसा आला, घराणी आली. काही कारखाने कर्जात बुडाले, काही विकले गेले. अलीकडच्या हंगामांत महाराष्ट्रात दोनशेच्या आसपास कारखाने ऊस गाळतात, त्यांतले जवळजवळ निम्मे आता खासगी आहेत. गावच्या सोसायट्यांचंही तसंच. काही नमुनेदार चालतात, काहींचं दार महिनोन्‌महिने उघडत नाही. लेखापरीक्षणात संस्थांना अ, ब, क, ड असे वर्ग देतात. अगदी आपल्या प्रगतिपुस्तकासारखे! आपल्या गावच्या सोसायटीला कोणता वर्ग मिळाला, हे घरी आजोबांना विचारून पाहा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि अहवाल सभासदांना द्यावा लागतो. तो अहवाल पुष्कळ घरांत न वाचताच फळीवर जातो. तुम्ही वाचा. आकडे तुम्हाला येतात की.

आणखी एक बाजू राहिली. सोसायटी कर्ज देते ते शेतीला. ज्याच्या नावावर सातबारा, त्याला. मग ज्यांना शेतच नाही त्यांचं काय? ज्या बायकांचं नाव सातबाऱ्यावर नाही त्यांचं? बायकांनी त्यावर बचत गटांचा मार्ग काढला. १९९२ पासून बँका अशा गटांना कर्ज देऊ लागल्या. दहा-वीसजणी, दर महिन्याला ठरलेली बचत, एकमेकींची हमी आणि एक रजिस्टर. रायफायझनसाहेबांनी ओळखलं असतं!

पण उसाच्या फडातली माणसं? दसरा-दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या कोरडवाहू भागांतून ऊसतोडणी कामगार निघतात. नवरा-बायको मिळून त्यांना एक 'कोयता' म्हणतात. दोन माणसं, आणि नाव एका अवजाराचं. निघण्याआधी मुकादम त्यांना 'उचल' देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. एखादा दिवस काम चुकलं की 'खाडा' धरतात आणि पैसे कापतात. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर. वाचताना काही आठवलं का? तीन वर्षांचा रोखा, नवा कागद, वाढलेलं मुद्दल. सुप्याचा बाजार आठवला ना? ज्या उसानं एका शेतकऱ्याच्या हातात वही दिली, त्याच उसाच्या फडात दुसऱ्याच्या हातात ती अजून नाही.

त्यांची मुलंही सोबत येतात. त्यांच्यासाठी काही ठिकाणी साखरशाळा निघाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहं झाली, आणि २०२१ साली राज्य सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजनाही मंजूर केली. तरी दर वर्षी काही मुलं येतातच. मी शिकवते ते गाव कारखान्याच्या वाटेवर आहे. नोव्हेंबरात ओढ्याकाठी कोप्या पडतात आणि आमच्या चौथीत चार-पाच नवे चेहरे येतात. गावाकडच्या शाळेनं दिलेलं शिक्षण हमी कार्ड काहींच्या हातात असतं, काहींच्या नसतं.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी आली होती. अक्षर वळणदार, बेरीज-वजाबाकी चोख. तिच्या आईवडिलांची टायरगाडी होती. पहाटे ऊस तोडायचा, गाडी भरायची, कारखान्याच्या काट्यावर वजन करून पावती आणायची. एकदा गणिताची वही तपासताना मला शेवटच्या पानांवर उभे-आडवे रकाने दिसले. तारीख, खेप, वजन. शेवटी एक रकाना: खाडा. मी विचारलं, "हे काय गं?" म्हणाली, "बाई, बापू पावत्या आणतो, आई डब्यात ठेवती, मी लिवती." कोणी सांगितलं होतं तिला? कोणीच नाही. जमाखर्चाचा धडा झाला होता त्याच आठवड्यापासून तिचे रकाने सुरू झाले होते. त्याआधीच्या पावत्या डब्यातून काढून मागच्या तारखाही तिनं भरून काढल्या होत्या.

मार्चअखेर मुकादम हिशेबाला आला. त्याच्या वहीत १३१ खेपा होत्या, हिच्या वहीत १३४. मुकादम हसला, म्हणाला, "पोरीचं गणित!" मग तिच्या आईनं डबा आणला. पावत्या तारीखवार जमिनीवर मांडल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर खडे ठेवले. अर्धा तास गेला. जानेवारीतल्या एकाच आठवड्यातल्या तीन खेपा त्याच्याकडून लिहायच्या राहून गेल्या होत्या. त्यानं मान हलवली आणि १३१ खोडून १३४ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोप्या मोडल्या. ती शाळेत येऊन पाठ्यपुस्तकं परत करून गेली. वही मात्र तिनं मागून घेतली, त्यात अजून पानं कोरी होती.